कोर्टात कुणी हातोडा आपटत नाही

विधी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीने मला विचारलं, "पुस्तकं आणि सिनेमे माणसाची जगाबद्दलची समज घडवतात, असं आम्हाला शिकवतात. मॅडम, तुम्ही इतकी वर्षं कोर्टात आहात. तुम्हाला हे खरंच दिसतं का, की ते नुसतं परीक्षेत लिहायचं वाक्य आहे? आणि कोर्ट समजण्यासाठी मी कोणता सिनेमा बघू?"

दिसतं. रोज दिसतं, अकराचा पुकारा झाल्यापासून दिसतं. जिल्हा न्यायालयात वकील म्हणून मी एकतीस वर्षं काढली, त्यातली बहुतेक फौजदारी बाजूला. उत्तर जरा लांबेल. कोर्टात थोडक्यात बोलावं लागतं, त्याची भरपाई आम्ही बाहेर करतो.

आधी सोप्या चुका. पहिल्यांदा कोर्टात आलेला पक्षकार साहेबांच्या टेबलावर हातोडा शोधतो. तो नसतो. आपल्याकडच्या न्यायालयांत 'ऑर्डर, ऑर्डर' असं कुणी ओरडत नाही. गलका वाढला तर पट्टेवाला 'शांतता' म्हणतो, नाहीतर साहेब नुसती मान वर करून बघतात, तेवढ्याने भागतं. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला की हात पुढे करून पुस्तकाची वाट बघतो. तेही नसतं. १९६९ च्या शपथ कायद्याप्रमाणे ईश्वराला स्मरून शपथ घ्यायची, किंवा तसं नको असेल तर गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करायची. एका आजोबांना हे इतकं अपुरं वाटलं की त्यांनी बंडीच्या खिशातून स्वतःची काडेपेटीएवढी गीता काढली आणि त्यावर हात ठेवूनच तोंड उघडलं. समोरच्या वकिलाने हरकत घेतली नाही. काय घेणार?

मग लग्नं. 'कोर्ट मॅरेज' करायला पळून आलेली मुलं थेट कोर्टाच्या आवारात येतात, कारण सिनेमात तसंच असतं: दोन हार, दोन मित्र, एक सही. विशेष विवाह कायद्याखालचं लग्न विवाह अधिकाऱ्याच्या कचेरीत होतं, आणि त्याआधी तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. हे ऐकल्यावर त्यांचा चेहरा बघवत नाही. मोडण्याचंही तसंच. स्टॅम्पपेपरवर 'फारकत' लिहून, दोघांच्या सह्या घेऊन, नोटरीचा शिक्का मारून लोक माझ्याकडे येतात आणि म्हणतात, "घटस्फोट झालाय, फक्त कोर्टात जमा करायचाय." मालिकांमध्ये नवरा पाकीट टेबलावर आपटतो, बायको थरथरत्या हाताने सही करते आणि संसार संपतो. खरा संसार इतक्या स्वस्तात संपत नाही. संमती दोघांची असली तरी अर्ज लागतो, तारखा लागतात आणि न्यायाधीशांचा हुकूम लागतो.

आणि जन्मठेप. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं, हे आपल्याकडे पाढ्यासारखं पाठ आहे. सिनेमातला बाप चौदा वर्षांनी केस पिकवून तुरुंगाच्या दारातून बाहेर येतो, तेव्हा पोरगा बरोबर हिरो व्हायच्या वयाचा झालेला असतो. पटकथेला हे फार सोयीचं आहे. कायदा मात्र वेगळा आहे, आणि तो ठरला महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात. गांधीहत्येच्या खटल्यात जन्मठेप झालेल्या गोपाळ गोडसे यांनी आपली शिक्षा पुरी झाली म्हणून अर्ज केला, तेव्हा १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शासनाने सूट दिली नाही तर जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. चौदा वर्षांची सक्तीची अट कायद्यात आली ती १९७८ मध्ये, आणि उलट्या कामासाठी: खुनासारख्या गुन्ह्यात चौदा वर्षं प्रत्यक्ष आत काढल्याशिवाय शासनाने सोडायचंच नाही, म्हणून. आरोपीच्या आईला हे समजावून सांगताना फार जड जातं. तिने मनातल्या मनात वर्षं मोजून ठेवलेली असतात.

पण खरं सांगू का, या चुकांची मला फारशी चिंता नाही. दहा मिनिटं बसवून समजावलं की माणसाला कळतं. ज्याची चिंता वाटते ते समजावून जात नाही. गोष्टींनी आपल्याला कायदा चुकीचा शिकवला, हे ठीक आहे. त्यांनी खरं कसं दिसतं हेही शिकवलंय, आणि तिथे मी हात टेकते.

सिनेमातलं खरं एका क्षणात बाहेर येतं. वकील आवाज चढवतो, आरोपी पिंजऱ्याच्या कठड्यावर कोसळतो, "हो, मीच मारलं" म्हणतो. एकतीस वर्षांत मला असा एकही आरोपी भेटलेला नाही. पोलिसांपुढे दिलेली कबुली तर पुराव्यात चालतच नाही. जुन्या पुरावा कायद्याचं कलम २५ म्हणा किंवा १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३. तरी फिर्यादीचे नातेवाईक दर आठवड्याला विचारतात, "चौकीत कबूल केलंय त्याने, मग साहेब अजून वाट कसली बघतायत?"

कोर्टातलं खरं कागदावर येतं, आणि फार हळू येतं. साक्षीदार सरतपासात, म्हणजे त्याला बोलावणाऱ्या बाजूच्या वकिलाच्या प्रश्नांना उत्तर देताना, जे बोलतो ते बहुतेक वेळा जसंच्या तसं लिहिलं जात नाही. साहेब ऐकतात, वाक्य जुळवतात आणि टंकलेखकाला सांगतात. बाई म्हणते, "आला, हात धरला माझा, मी म्हटलं सोड मेल्या, तरी सोडंना." कागदावर येतं, "आरोपीने माझा हात धरला." उलटतपासात समोरचा वकील आपली बाजू साक्षीदारापुढे ठेवतो, साक्षीदार ती नाकारतो, आणि कागदावर येतं, "हे म्हणणे खरे नाही की, आरोपीने माझा हात धरला नाही." नव्या ज्युनिअरला या दोन नकारांची गाठ सोडवायला सहा महिने लागतात. जवळजवळ प्रत्येक साक्ष एकाच ओळीवर संपते: "हे म्हणणे खरे नाही की, मी आज खोटी साक्ष देत आहे." किती अश्रू त्या ओळीत विरघळलेत, ते टंकलेखकालाच माहीत.

चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' हा २०१४ चा सिनेमा मला आवडतो, तो या ओळीमुळे. गटारात उतरणाऱ्या एका कामगाराला आपल्या गाण्यातून आत्महत्येला प्रवृत्त केलं, या आरोपावरून एका म्हाताऱ्या लोकशाहिरावर खटला चालतो, आणि न्यायाधीश टायपिस्टला वाक्यं सांगत राहतात. बिनबाह्यांचा कपडा घातला म्हणून एका बाईचं प्रकरण त्या दिवशी ऐकलंच जात नाही. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मी तो एका पक्षकाराला आवर्जून बघायला सांगितला. दोन दिवसांनी तो म्हणाला, "ताई, त्यात काही घडतच नाही." त्याचाच दावा तेव्हा नवव्या वर्षात होता.

हे सगळं सिनेमाच्या माथी मारणं मात्र अन्यायाचं होईल. आपल्याकडची न्यायाची प्रतिमा कॅमेऱ्याच्या आधीची आहे. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्री प्रभुण्यांनी खुद्द राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, ही गोष्ट कीर्तनातून, शाळेच्या पुस्तकांतून, १९४४ च्या प्रभातच्या 'रामशास्त्री'मधून आपल्या रक्तात उतरली आहे. गोष्ट मोठीच आहे. पण तिने आपल्याला असा न्यायाधीश दाखवला की ज्याला आतूनच कळतं. म्हणून पक्षकार मला विचारतो, "साहेबांना दिसत नाही का, तो धडधडीत खोटं बोलतोय ते?" दिसत असेलही. पण आपला न्यायाधीश स्वतःला जे ठाऊक आहे त्यावर निकाल देऊ शकत नाही, कोर्टापुढे जे आलं त्यावरच देतो. हे ऐकून लोकांना वाटतं, मीच काहीतरी लपवतेय.

याच खुनाने मराठीला 'ध चा मा' दिला. आनंदीबाईंनी हुकमातल्या 'धरावे'चं 'मारावे' केलं, अशी ती कथा. तो मूळ कागद आज कुणी दाखवू शकत नाही, आणि अनेक अभ्यासक ही दंतकथाच मानतात. आता माझ्या धंद्याच्या नजरेने बघा. कागद निशाणीला लागलेला नाही, म्हणजे पुरावा म्हणून नोंदलेला नाही. लिहिणारा तपासलेला नाही. हस्ताक्षर कुणी पडताळलेलं नाही. आरोपीचं म्हणणं नोंदवलेलं नाही. तरी अडीचशे वर्षं एक बाई दोषी आहे, आणि शिक्षा भाषेनेच दिली आहे. सात-बाऱ्यावरच्या फेरफाराची तक्रार घेऊन आलेला शेतकरी म्हणतो, "तलाठ्याने ध चा मा केलाय," तेव्हा तो नकळत त्या बाईला पुन्हा एकदा दोषी ठरवत असतो. मीही वापरते तो शब्द. युक्तिवादात फार कामाला येतो.

गोष्ट खटल्यावर बसते म्हणजे काय, याचं मुंबईतलं उदाहरण तुम्हाला अभ्यासक्रमात असेल. २७ एप्रिल १९५९ ला नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांनी पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजा याच्यावर गोळ्या झाडल्या. 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने देखणा गणवेशधारी नवरा आणि छचोर श्रीमंत माणूस अशी गोष्ट आठवड्यामागून आठवडे सांगितली. सामान्य नागरिकांच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक अशा मतांनी नानावटींना निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीशांना तो कौल पुराव्याशी विसंगत वाटला, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. तिथे जन्मठेप झाली, आणि २४ नोव्हेंबर १९६१ ला सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पुढे राज्यपालांनी माफी दिली, तो भाग निराळा. २०१६ मध्ये यावर बेतलेला 'रुस्तम' आला. त्यात नायक सुटतो. तो बघून आलेला माझा एक ज्युनिअर, कायद्याची पदवी घेतलेला, मला ठामपणे म्हणाला, "मॅडम, नानावटी सुटला होता ना?" मी त्याला अपिलाचा निकाल वाचायला दिला. त्याने वाचला, मान डोलावली आणि महिन्याभराने पुन्हा तेच म्हणाला. याच खटल्यामुळे ज्युरी गेली, ही अशीच दुसरी गोड समजूत. विधी आयोगाने ज्युरी बंद करा अशी शिफारस १९५८ मध्येच केली होती, म्हणजे गोळ्या झडण्याच्या आधी. पण एका गोळीने एक पद्धत संपली, हे ऐकायला बरं वाटतं.

इथपर्यंत हसता येतं. पुढे येत नाही.

१९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचं प्रकरण झालं. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. तिच्या अंगावर झटापटीच्या खुणा नव्हत्या, हा त्या निकालातला एक मोठा आधार होता. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर मोर्चे निघाले, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. न्यायमूर्तींना सिनेमाने शिकवलं असं मी म्हणणार नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण त्या काळातल्या पडद्यावरचा तो प्रसंग आठवा: फुटलेल्या बांगड्या, फाटलेला पदर, किंकाळी, कोसळणारी फुलदाणी. ज्या मुलीच्या बाबतीत यातलं काहीच झालं नाही, जी भीतीने दगड झाली, ती पडद्यावर नव्हती. ती निकालातही दिसली नाही.

आणि हे संपलेलं नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला न्यायाधीशांसाठी स्त्रियांविषयीच्या साचेबद्ध समजुतींवर एक पुस्तिका काढावी लागली. अत्याचार झालेली बाई सतत रडतेच, तशी वागली नाही तर ती खोटं बोलते, ही समजूत त्यात चुकीची म्हणून नोंदवली आहे. शिकलेसवरलेल्या न्यायाधीशांना हे छापून द्यावं लागतं, यावरून ते चित्र किती खोल गेलंय ते बघा.

आता माझं सांगते, नाहीतर मी वरून बोलतेय असं वाटेल. कॉलेजात असताना मी तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' पाहिलं होतं. वेळ घालवायला मांडलेला खोटा खटला एका बाईचं आयुष्य उसवत नेतो, हे बघून मी दोन दिवस नीट जेवले नव्हते. प्रश्नांची चिखलफेक कशी होते, ते मला त्या नाटकाने शिकवलं. असं मला वाटत होतं.

वीसेक वर्षांपूर्वी मी एका खुनाच्या खटल्यात आरोपीचं वकीलपत्र घेतलं. बांधावरून भांडण, सकाळची वेळ, अंगणात माणूस पडला. प्रत्यक्षदर्शी एकच, त्याची बायको. आमचा बचाव असा की ती तेव्हा घरात नव्हतीच, शेतावर होती, नंतर पढवून उभी केली आहे. ती पिंजऱ्यात आली, कोरड्या आवाजात, एकही हुंदका न देता सगळं सांगून मोकळी झाली. मागच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली. मला ती ऐकू आली, आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं, हे कबूल करते.

"नवरा पडला तेव्हा तुम्ही आरडाओरडा केला नाही?"

"नाही केला."

"रडलात?"

"नाही."

इथे मी खाली बसायला हवं होतं. उलटतपासात ज्याचं उत्तर आपल्याला माहीत नाही तो प्रश्न विचारायचा नाही, हे माझ्या सीनिअरनी मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. पण कुजबुज चढली होती आणि मी तिच्यावर आरूढ झाले होते.

"मग काय केलंत?"

"आत गेले. गॅस बंद केला. दूध होतं वर."

बाकांवर कुणीतरी हसलं. मी साहेबांकडे बघितलं, एक क्षण थांबले, अगदी पडद्यावर थांबतात तशी, आणि बसले. आरोपीच्या वडिलांनी मला बाहेर चहा पाजला. नवरा तडफडतोय आणि ही दूध बघते, जिंकलोच आपण, असं सगळ्यांचं मत पडलं. माझंही.

घटनास्थळाचा पंचनामा मी तोवर चार वेळा वाचला होता. अंगण, रक्ताची माती, कुऱ्हाड, पायतान. शेवटून दुसरी नोंद स्वयंपाकघराची होती: गॅसवर स्टीलचं पातेलं, त्यात तळाशी करपलेलं दूध, गॅसचं बटण बंद. पंचनामा घटनेनंतर दीड-दोन तासांत झालेला. म्हणजे दूध चुलीवर ठेवलेलं असताना ती बाहेर धावली, ते उतू जाऊन करपेपर्यंत अंगणात होती, मग आत जाऊन तिने गॅस बंद केला. शेतावर गेलेली बाई हे करू शकत नाही. ती घरात होती, हे तिच्या कुठल्याही हुंदक्याने सिद्ध झालं नसतं इतकं त्या पातेल्याने सिद्ध केलं, आणि ते पातेलं तिच्या तोंडून मी स्वतः वदवून घेतलं होतं. साहेबांनी निकालात त्यावर दीड पान लिहिलं. माझ्या रडण्याच्या प्रश्नावर एक शब्द नाही. अपिलातही शिक्षा कायम राहिली.

निकालाच्या दिवशी आवारात मयताचा भाऊ भेटला. त्यांच्या बाजूने निकाल लागलेला, तरी जरा बाजूला घेऊन मला म्हणाला, "ताई, तुमचं एक बरोबर होतं. वहिनी रडली का नसंल हो तेव्हा?" कोर्टाने तिच्यावर विश्वास ठेवला होता. घरात तिच्यावर अजून खटला चालू होता.

म्हणून, तुझ्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर 'हो' आहे, पण एक पुरवणी जोडून. चांगलं नाटक बघितल्याने माणूस सुधारतो, यावर माझा विश्वास तेव्हापासून जरा कमी झाला. ते नाटक मला पाठ होतं. ऐन वेळी हाताला लागलं ते मॅटिनीला पाहिलेलं.

दुसरा प्रश्न, कोणता सिनेमा बघू. एकही नको, आधी कोर्टात ये. 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण पक्षकारांसाठी आहे, विद्यार्थ्यांना लागू नाही. काही नाजूक प्रकरणं बंद दाराआड चालतात, ती सोडली तर न्यायालय सगळ्यांना उघडं असतं आणि मागच्या बाकावर बसायला कुणाची परवानगी लागत नाही. अकराच्या आधी पोच, फोन बंद कर, पाण्याची बाटली आण. बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, बघून ज्या कोर्टात साक्षी-पुरावा लागलाय तिथे बस. पहिल्या दोन तासांत नुसत्या तारखा पडतील, तेव्हा उठून जाऊ नकोस. दुपारच्या सुट्टीनंतर एखादी साक्ष सुरू होईल. साक्षीदाराकडे बघू नकोस, टंकलेखकाच्या जवळ बस आणि बोललेलं व लिहिलेलं यांत काय फरक पडतो ते वहीत टिपून ठेव. संध्याकाळी ती वही घेऊन माझ्या ऑफिसला ये. पंचनामे तिथेच आहेत.